शारीरिक शिक्षण : त्याचा इतिहास व हेतू

शाळेच्या वेळापत्रकातील कोणत्या तासावर सर्वांत आधी गदा येते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो, पाऊस पडला की तो इंग्रजीला जातो, आणि स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की तो कोणाकडे जातो हे कोणासच कळत नाही. ह्या वर्षी तर दहावीच्या वर्गाचे खेळाचे दोन्ही तास कायमचे गणित व विज्ञान ह्या विषयांस द्यावेत, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या बापाला मूल मैदानावर धावताना दिसले म्हणजे आपला पैसा धुळीत चालला असे वाटले, तर त्यात नवल नाही. तथापि ज्या गोष्टीचा त्याग करावयाचा ती काय आहे, ती शाळेत आली कशी व कशासाठी आली, हे आधी जाणून घेणे बरे. म्हणून हा लेख.

शरीर कमाविण्याची विद्या मनुष्याइतकीच जुनी आहे. परंतु ती शिक्षणाचा भाग आहे असे मानून तिला स्थान देण्याचा मान प्राचीन ग्रीक लोकांकडे जातो. ऑलिंपिया येथील क्रीडोत्सवाची नोंद इसवी सनापूर्वी 776 पासून सापडते व तो चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ चालला. अथेन्समध्ये व्यायामशाळा ही केवळ कुस्तीची जागा नव्हती. तेथे तरुण शरीर कमावीत आणि तेथेच तत्त्वज्ञ वाद करीत. प्लेटोची शाळा अशाच एका व्यायामशाळेच्या उपवनात भरत असे. ज्याने केवळ शरीरच कमाविले तो रांगडा होतो व ज्याने केवळ संगीत-साहित्याचाच अभ्यास केला तो फाजील मऊ होतो, सबब दोन्ही तारा सारख्या ताणल्या पाहिजेत, असा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. स्पार्टाने ह्यातील एकच तार ताणली. त्या राज्याने सैनिक पुष्कळ निर्माण केले. पण आज त्याच्या ग्रंथांची गोष्ट कोणी काढीत नाही.

प्रेषित पौल ह्याच ग्रीक जगात वावरला. करिंथ शहरानजीक इस्थमस येथे दर दोन वर्षांनी मोठा क्रीडोत्सव भरत असे, आणि करिंथकरांना लिहिताना त्याने शर्यतीत धावणाऱ्याचे व मुष्टियुद्ध करणाऱ्याचे दृष्टान्त योजले आहेत. त्याच पत्रात शरीराला त्याने पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात शरीराच्या कसरतीपेक्षा भक्ती अधिक उपयोगी असल्याचे तो सांगतो. आणि आमच्या मंडळीतील काही वडीलधारी माणसे तेवढेच वचन धरून मैदानाकडे पाठ फिरवितात. परंतु त्याने भक्तीला श्रेष्ठ म्हटले ह्याचा अर्थ कसरत निरुपयोगी ठरविली असा होत नाही. तिचा उपयोग मर्यादित आहे एवढेच त्याचे म्हणणे. मंदिर पडके असू नये इतके तरी सर्वांस मान्य व्हावे. पुढे मध्ययुगात युरोपातील कित्येक भाविकांनी शरीराला आत्म्याचा वैरी ठरविले व उपासमारीत पुण्य शोधले, तो भाग आपण सोडून देऊ.

अर्वाचीन काळातील शालेय व्यायामाचा उगम मात्र एका पराभवात आहे. 1806 साली येना येथे नेपोलियनने प्रशियाचा मोड केला. त्या अपमानाने व्यथित झालेल्या फ्रीडरिक यान नावाच्या शिक्षकाने 1811 साली बर्लिनच्या वेशीबाहेर उघड्यावर एक आखाडा काढला व तरुणांना सिंगल बार, डबल बार इत्यादी साधनांवर शिकविण्यास आरंभ केला. तरुण एकत्र जमतात, बळकट होतात आणि देशाविषयी बोलतात, हे पाहून पुढे थोड्याच वर्षांत खुद्द प्रशियाच्या सरकारलाच भीती वाटली व हे आखाडे 1842 पर्यंत बंद राहिले. ह्या हकीकतीचे प्रतिबिंब आपल्या खानदेशातही पाहावयास मिळते, ते पुढे येईलच. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग ह्यांनी 1813 साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षक तयार करण्याची संस्था स्थापिली. त्यांची पद्धत साधनांवाचूनची, शरीरशास्त्राला धरून व हुकमावर चालणारी होती. शाळाशाळांतून हात वर, हात खाली, पाय जवळ अशी जी सामुदायिक कवाईत चालते, तिचे मूळ बव्हंशी तेथे आहे. इंग्लंडात मात्र कवाईतीपेक्षा सांघिक खेळांना महत्त्व आले. पंचाचा निर्णय निमूटपणे मानणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर हात मिळविणे, ह्या गोष्टी वर्गात सांगून येत नाहीत, असा तेथील शिक्षकांचा अनुभव होता.

आता आपल्या देशाकडे वळू. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात रचिलेल्या 'मानसोल्लास' ह्या ग्रंथात मल्लांच्या तयारीचे वर्णन आहे व त्यात मल्लस्तंभाचाही उल्लेख येतो. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या मारुतींच्या भोवती तालमींची परंपरा वाढली. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे रूप दिले. ह्यासंबंधीची आख्यायिका अशी की, निजामाच्या राज्यातून अली व गुलाब असे दोन पैलवान पुण्यास आले व त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. ते स्वीकारून तरुण बाळंभट सप्तशृंगीच्या गडावर जाऊन राहिले आणि तेथे माकडांच्या उड्या व पकडी पाहून त्यांना खांबावरील उड्यांची कल्पना सुचली. आख्यायिकेतील चमत्काराचा भाग वाचकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा; पण चैत्रात ज्या गडाकडे आपल्या भागातून माणसांच्या रांगा पायी जातात, त्याच गडाशी ह्या विद्येचे नाव जोडलेले आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

देशी व्यायामाने परदेशालाही काही दिले. आपल्या तालमीतील जोडी व मुद्गल इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिले, ते हलके करून मायदेशी नेले आणि तेथे 'इंडियन क्लब' ह्या नावाने त्यांचा एवढा प्रसार झाला की 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धासुद्धा झाली. मग हेच क्लब विलायती व्यायाम म्हणून आपल्या शाळांत परत आले, आणि आपण ते पैसे मोजून विकत घेतले!

खानदेशात कवाईतीचा प्रवेश झाला तो शाळेच्या दारातून नव्हे. 1825 साली लेफ्टनंट औट्रम ह्या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी केली. सातपुड्याच्या रानात त्यांच्याबरोबर शिकारीस हिंडून त्याने आधी त्यांचा विश्वास संपादिला, व मग त्यांना कवाईत शिकविली. ज्यांच्या चपळाईस नागर माणसाने हात जोडावेत, त्या लोकांना हुकमावर पाय उचलावयास शिकविण्यात राज्यकर्त्यांचा हेतू काय होता हे उघड आहे. पुढे शाळांतून कवाईत आली तेव्हाही ती शिकविणारे बहुधा पेन्शनीतले शिपाई असत. ड्रिलमास्तर हा शब्द आमच्या आजोबांच्या कानात धाकाचा म्हणून राहिला तो ह्यामुळेच. आज्ञाधारकपणा हा गुण खरा. परंतु व्यायामाचा सर्व हेतू त्यातच संपला अशी जी समजूत कित्येक शाळांत अजूनही दिसते, ती त्या शिपायांबरोबरच पेन्शनीत जावयास हवी होती.

ह्या समजुतीला धक्का देणारे लोक महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे आले. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमाविण्यात घालविले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडते. त्यांनी पुढील वर्षांत अभ्यास किती केला, हे मात्र ते विचारीत नाहीत. बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव ह्यांनी देशी व्यायामाला संघाचे रूप दिले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्काराचा आपल्या संस्थानातील शाळांतून प्रसार केला. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खोखोसारख्या मैदानी खेळांना नियमांची शिस्त लाविली. अमरावतीस वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ह्या मंडळाच्या पथकाने कबड्डी व इतर देशी खेळ तेथे करून दाखविले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध केला. एवढ्या विषयावर दहा खंड कशाला, असे ज्याला वाटेल त्याने त्यातील एक खंड उघडून पाहावा.

परंतु आपल्यास विशेष अभिमान वाटावा अशी व्यक्ती आणखी जवळची आहे. नरडाण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बेटावदनंतर अमळनेर येते. तेथे श्रीमंत प्रतापशेठ ह्यांच्या आश्रयाने चाललेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य जगन्नाथ गणेश गुणे हे होते. 1883 साली जन्मलेले हे गृहस्थ मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारे बुद्धिमान विद्यार्थी. 1907 पासून तीन वर्षे त्यांनी माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. संस्कृतचा विद्वान आणि अंगाला माती लावणारा, असा योग दुर्मिळ. 1920 साली त्यांचे महाविद्यालय बंद झाले. तेथील राष्ट्रीय वृत्ती सरकारला मानवली नाही. यानच्या आखाड्याची आठवण व्हावी असाच हा प्रसंग आहे.

महाविद्यालय बंद झाले, पण गुणे थांबले नाहीत. मालसरच्या माधवदासजींकडून त्यांनी योगाभ्यास शिकून घेतला होता. आता त्यांच्या मनाने घेतले की, उड्डियान, नौली इत्यादी क्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे केवळ परंपरेच्या शब्दावर न ठेवता तपासून पाहावे. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी हे प्रयोग केले. 1924 साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापिले व 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून त्यात आपले निष्कर्ष छापण्यास आरंभ केला. हेच स्वामी कुवलयानंद. 1937 साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि 1938 साली व्यायामशिक्षक तयार करण्यासाठी कांदिवली येथे सरकारी संस्था निघाली. ड्रिलमास्तराच्या जागी शरीरशास्त्र, मानसशास्त्र व खेळ जाणणारा शिक्षक येण्याचा मार्ग आपल्या प्रांतात असा खुला झाला.

त्याआधी मद्रासेस ही गोष्ट घडून गेली होती. हॅरी क्रो बक ह्या अमेरिकन गृहस्थांनी वायएमसीएच्या वतीने 1920 साली तेथे व्यायामशिक्षकांसाठी शाळा काढली. तीच पुढे कॉलेज झाली. वायएमसीए ही लंडनमध्ये 1844 साली कापडाच्या पेढीवर काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स ह्या तरुणाने मित्रांसह स्थापिलेली संस्था. शरीर, बुद्धी व आत्मा अशा तीन बाजूंचा त्रिकोण हे तिचे चिन्ह होय. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूची वाढ सांगताना ज्ञानाबरोबरच शरीराच्या वाढीचाही उल्लेख आहे, ह्याकडे बोट दाखवून ही मंडळी काम करीत. हिवाळ्यात बर्फामुळे मैदानावर जाता येईना, म्हणून ह्याच संस्थेच्या स्प्रिंगफील्ड येथील शाळेत जेम्स नेस्मिथ ह्यांनी 1891 साली टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला. आणि चार वर्षांनी विल्यम मॉर्गन ह्यांनी धक्काबुक्की सोसत नसलेल्या प्रौढांसाठी व्हॉलीबॉल काढला. आपल्या मैदानावर बर्फ नाही, उलट एप्रिल-मेमध्ये तेथे पाय ठेववत नाही; पण अडचण पाहून खेळ बंद न करता खेळ बदलावा, ही त्या दोघांची युक्ती आपल्यालाही लागू आहे.

आता पालकांच्या आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप शेतकरी बांधवांचा : आमचा मुलगा सकाळी गुरांचे पाहतो, सुटीत कपाशी वेचतो, डोक्यावर ओझी वाहतो, त्याला आणखी व्यायाम कशास? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. शेतातील कष्टाने अंग काटक होते हे खरे. परंतु काम शरीराकडे पाहून चालत नाही, ते पिकाकडे पाहून चालते. कपाशी वेचणारा दिवसभर कमरेत वाकलेला असतो. तीच पाठ, तेच स्नायू, तीच हालचाल. कंबर उलट दिशेला कधी वळत नाही, छाती पुरती फुलत नाही, आणि वाढत्या वयातील हाडांना त्याच वाकणाची सवय लागते. व्यायामात वापरावयाचे स्नायू आपण निवडतो. जे कामात राहून गेले त्यांना तेथे जागा मिळते. म्हणून कष्टाळू मुलाला दंडबैठकांपेक्षा ताणाचे व्यायाम, धावणे व श्वासाचे व्यायाम अधिक उपयोगी पडतात, तर दिवसभर बाकावर व संध्याकाळी मोबाईलपुढे बसणाऱ्या मुलाची गरज निराळी असते. दोघांस एकच कवाईत देणारा शिक्षक आपले काम अर्धेच करतो. आणि मुलाचे पोट भरलेले नसेल तर त्याला आधी जेवू घालावे. उपाशी मुलाला पळविणे हे शिक्षण नव्हे.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी निदान 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी असे सांगितले आहे. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत, 11 ते 17 वयाच्या शंभर मुलांपैकी 81 जणांना तेवढी हालचाल मिळत नसल्याचे आढळले. मुलींचे प्रमाण मुलांपेक्षाही वाईट. आठवड्यातून दोन तास खेळ म्हणजे ह्या मापाने एक तृतीयांशही भरत नाही. तेवढेही काढून घेतले तर जो वेळ वाचेल, त्यात जांभया देत गणिते किती सुटतील, हा हिशेब पालकांनी स्वतः करावा. जो मुलगा अंधार पडेपर्यंत खेळून घरी येतो, त्याला झोप लवकर व गाढ लागते आणि पहाटे उठविणे सोपे जाते. उत्तररात्रीपर्यंत पुस्तकापुढे पेंगणाऱ्याचे तसे नाही.

खेळातून मिळणारे जे दुसरे शिक्षण, त्याचे उदाहरण खोखोचे देतो. पाठलाग करणारा गडी दमला किंवा पळणारा त्याच्या हातून निसटला, म्हणजे त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. बसलेल्या सोबत्याला खो देऊन स्वतः त्याच्या जागी बसावे लागते. आपल्याच हाताने गडी बाद व्हावा हा हट्ट धरणारा मुलगा ह्या खेळात संघाला बुडवितो. आपले काम योग्य क्षणी दुसऱ्याच्या हाती सोपवून शांत बसणे ही विद्या प्रौढ माणसांच्या समित्यांतसुद्धा क्वचित आढळते. हुतूतूमध्ये श्वास संपत आला असताना रेषेकडे परतण्याचे भान राखावे लागते. ह्या गोष्टी मुलाच्या अंगात शिरतात त्या व्याख्यानाने नव्हे.

येथे एक इशारा शिक्षकांनाही देतो. खेळाचा तास राखावयाचा तो पदकांसाठी नव्हे. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासासाठी वर्गणी जमवावी लागली व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकले. अशा माणसांचे चरित्र वर्गात अवश्य सांगावे. परंतु बारा चपळ मुले निवडून त्यांच्यावरच सर्व मेहनत घ्यावयाची आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांनी कडेला बसून टाळ्या वाजवावयाच्या, ह्याला शारीरिक शिक्षण म्हणता येणार नाही. जो लठ्ठ आहे, लाजाळू आहे, ज्याचा एक पाय अधू आहे, त्याच्यासाठीच हा तास अधिक आहे. तीच गोष्ट स्वातंत्र्यदिनाच्या व प्रजासत्ताकदिनाच्या लेझीम-कवाईतीची. ती पाहावयास सुंदर दिसते. पण महिनाभर तोच एक देखावा बसविण्यात सर्व तास खर्च झाले, तर तो पाहुण्यांचा व्यायाम झाला, मुलांचा नव्हे.

राहता राहिला मुलींचा प्रश्न, आणि मला वाटते तोच सर्वांत निकडीचा आहे. पाचवी-सहावीपर्यंत आमच्या मुली मुलांच्या बरोबरीने धावतात; सातवी-आठवीत एकेक करून मैदानावरून नाहीशा होतात. पोटात दुखते, घरी काम आहे, आई नको म्हणते, अशी कारणे येतात. वाढीची, रक्ताची व हाडांची गरज ज्या वयात सर्वांत अधिक, त्याच वयात त्यांना बसवून ठेवावे, हा व्यवहार कोणत्याही शास्त्रात बसत नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्यासारख्या लहानशा आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळविले. ती डोंगरातील वाटांवर धावावयास लागली तेव्हा तिलाही कोणीतरी हटकले असेलच. प्रत्येक मुलीने कविता राऊत व्हावे असे मुळीच नाही. पण पंधराव्या वर्षी जिना चढताना तिला धाप लागू नये एवढी अपेक्षा बापाने बाळगावयास हरकत कोणती? मासिक पाळीच्या दिवसांत ज्या मुलीला त्रास होतो तिने विश्रांती घ्यावी. परंतु त्रास नसेल तर केवळ रूढीसाठी तिला महिन्यातून चार दिवस बसवून ठेवण्याचे कारण वैद्यकशास्त्रात नाही. ही गोष्ट मुलींशी आईने किंवा शिक्षिकाबाईंनी मोकळेपणाने बोलावी.

ह्या सर्वांचा विचार करून माझे मत असे की, दहावीचे दोन तास आहेत तेथेच राहावेत, आणि गणिताच्या जादा तासाची गरज असेल तर तो शाळा सुटल्यावर, मुले मैदानावरून परतून पाणी पिऊन बसल्यावर घ्यावा. उन्हाळ्यात मैदान सकाळी साडेसातच्या आतच वापरावे व त्यानंतर सावलीतील आसने व श्वसनाचे व्यायाम घ्यावेत. मुलींचा खोखोचा सराव सकाळी शाळेच्या आधी ठेवावयाचा झाल्यास शिंदखेडा व बेटावद बाजूच्या गावांहून येणाऱ्या मुलींना लवकर निघावे लागेल. त्यांच्या एस. टी.ची व आगगाडीची वेळ पालकांनी वर्गशिक्षकांना लिहून कळवावी, म्हणजे जून महिन्यात वेळापत्रक आखताना तिचा विचार करता येईल.